खांबाआडची जागा

मला आजही ती चिंचेवरून पडताना दिसते. दुपारची वेळ, अंगणात चिटपाखरू नाही, वरून बारीक पाला भुरभुरतो आहे आणि त्या पाल्यातून माझी मैत्रीण हळूहळू खाली येते आहे. फ्रॉक वाऱ्यानं फुगलेला असतो. तिला खाली पोचायला फार वेळ लागतो, आणि पोचल्याचा आवाज मला कधीच ऐकू येत नाही. इतकं लख्ख दिसतं की शपथेवर सांगावं. आणि बाप्पा, ते सगळं खोटं आहे. ती चिंचेवरून कधी पडलीच नव्हती.

आम्ही दोघी अमरावतीच्या एका अनाथाश्रमात वाढलो. आश्रम म्हणजे एक लांब ओसरी, लाकडी खांब, मागे स्वयंपाकघर आणि पुढच्या अंगणात ती भली मोठी चिंच. आमचा सगळा कारभार एका बाईंच्या हातात होता. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो. वऱ्हाड आधी मध्य प्रदेशात होता, मग मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात आला; सरकारं बदलली, बाई काही बदलल्या नाहीत.

देणगी देणारे पाहुणे यायचे त्या दिवसाची मला फार मौज वाटायची, हे खोटं कशाला बोलू? पेटीतले धुतलेले फ्रॉक मिळायचे. बाई घंटा वाजवायच्या. घंटा ऐकली की आम्ही ओसरीवर ओळ धरायची, ठेंगण्या पुढे, उंच मागे, हात जोडून, आणि स्वागताचं गाणं सुरू. ऊन चिंचेतून झिरपून आमच्या पायांवर पडलेलं असायचं आणि ते हललं की मला वाटायचं, ओसरीच कुठंतरी वाहत चालली आहे. गाणं झालं की पाहुणे विचारायचे, ‘पोटभर मिळतं ना?’ आम्ही एका सुरात ‘हो’ म्हणायचो. मग शिरा. पाहुणे गेले की फ्रॉक परत पेटीत.

एकदा एका पागोटेवाल्या कापूस व्यापाऱ्यानं सगळ्यांना न विचारता एकटीलाच विचारलं. माझी मैत्रीण ठेंगणी, म्हणून सगळ्यांत पुढे. ती सरळ म्हणाली, ‘भेटते, पन पुरत नाई.’ पाहुणे हसले. बाईही हसल्या. मला वाटलं, चला, निभावलं.

संध्याकाळी बाईंनी तिला स्वयंपाकघरात बोलावलं. मी दाराशी ज्वारी निवडत बसले होते. दाराला आतून लावायचा लाकडी अडसर असतो ना, तो बाईंच्या हातात होता. मी पाहिलं. किती वेळा मारलं ते मला माहीत नाही, सुपातल्या ज्वारीकडेच मी बघत राहिले, आणि ते दाणे अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्हाला ओळीत उभं करून बाईंनी विचारलं, ‘हिला काय झालं?’ काय सांगायचं, कोणालाच कळेना. मग त्यांनीच उत्तर शिकवलं. ‘चिंचेवरून पडली.’ ‘कशाला चढली होती?’ ‘चोरायला.’ पाढे म्हणावेत तसं आम्ही ते म्हटलं. रोज म्हटलं. म्हणता म्हणता तो पाला भुरभुरायला लागला आणि ती मला पडताना दिसायला लागली. मेलं हे डोकं! डोळ्यांनी पाहिलेलं सोडून कानांनी ऐकलेलं जपून ठेवतं.

तिचा मोडलेला हात वाकडाच बसला. कोपराच्या खाली तो बाहेर वळला तो वळलाच. तेव्हापासून पाहुण्यांच्या ओळीत तिची जागा ठरली, कडेच्या खांबाआड. हात मागे, अर्धं तोंड खांबाच्या बाहेर. घंटा झाली की आम्ही ओळीत आणि ती खांबाआड, हे इतकं अंगवळणी पडलं की कोणी सांगावंही लागत नसे.

पुढे मी शिकले आणि अकोल्याला शाळेत मास्तरीण झाले. तिचं लग्न बाईंनीच तेल्हाऱ्याच्या एका शेतकरी घरात लावून दिलं, आणि देताना सासूच्या कानात सांगितलं, ‘पोरगी कामाची आहे, पण चोरटी. चिंचा चोरताना पडली होती. लक्ष ठेवा.’ झालं! सासूनं गुळाच्या डब्याला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला. नवरा बरा होता, पण आईपुढे मुका. तिनंही कधी तोंड उघडलं नाही. हात पदराखाली घेऊन संसार करत राहिली.

एका हिवाळ्यात ती बसनं अकोल्याला आली आणि माझ्या चुलीपुढे बसून रडली. शेजारच्या अंगणातली बोरं कोणीतरी नेली होती आणि सगळ्या आळीनं तिच्या लेकीकडे बोट दाखवलं होतं. चोट्टीची पोर.

‘माह्यासाठी नाई वं,’ ती म्हणाली. ‘मले काय, सवय झाली. पन पोरीनं काहून आयकाव? मी पडली नाई, मले पाडलं, हे कोन्या सरकारी मानसानं एकडाव तोंडानं म्हनलं पायजे. मंग माही पोर मोकळी.’

मला असा संताप आला की काय सांगू! मी अर्ज केले, हापिसांचे उंबरे झिजवले. ‘इतकी जुनी गोष्ट कशाला उकरता?’ असं एका कारकुनानं म्हटल्यावर त्याला असं झाडलं की त्यानं पाणी मागवलं, स्वतःसाठी. शेवटी एक साहेब म्हणाले, आश्रमात जाऊन चौकशी करतो, तुम्ही समोर या. आमच्याबरोबरच्या आणखी दोघी-तिघी येणार होत्या. सासरच्यांनी सोडलं नाही.

म्हणून आम्ही दोघीच गेलो. आगगाडीत बसलो. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, आणि मला वाटत होतं की आमचं वय मागे मागे जातं आहे, उतरू तेव्हा आमच्या अंगावर फ्रॉकच असतील.

आश्रमात शिरलो आणि डोळे दिपले. अंगणभर ऊन. चिंच नव्हतीच! बुंधा तेवढा राहिला होता आणि त्यावर कोणीतरी पापड वाळत घातले होते. साहेब खुर्ची सरकवत म्हणाले, ‘सावली नाही का हो कुठे?’

‘चिंच होती ना मोठी,’ बाई म्हणाल्या. केस पांढरे झाले होते, आवाज तोच, साखर घातलेला. ‘पण किडली. तीन-चार वर्षं झाली तोडून. लाकूड विकून मुलींच्या सतरंज्या घेतल्या.’

मग त्यांनी घंटा वाजवली.

मुली धावत आल्या, ठेंगण्या पुढे, उंच मागे. तेच फ्रॉक, निदान मला तेच वाटले. तेच गाणं. आणि अगं बाई, कडव्याच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं, मीही गाते आहे! हात जोडून, मान किंचित तिरकी करून, शाळेची मास्तरीण, तक्रार घेऊन आलेली, आणि माझा गळा आपसूक गातो आहे. साहेब माझ्याकडे बघून हसले. ‘तक्रारदारांचंही अजून प्रेम दिसतं आश्रमावर,’ ते म्हणाले. बाई नम्रपणे खाली बघत होत्या. सगळं मुसळ केरात गेलं, असं मला वाटलं. जीभ हासडून टाकावीशी वाटली.

मी मैत्रिणीकडे वळले तर ती शेजारी नव्हती. घंटेसरशी तिचे पाय तिला घेऊन गेले होते. नऊवारी नेसलेली, एका पोरीची आई, पण निघाली ती कडेच्या खांबाकडे, हात मागे घेऊन. खांबापाशी पोचली आणि थबकली.

जागा रिकामी नव्हती. खांबाआड एक लहानशी मुलगी उभी होती. हात मागे, अर्धं तोंड बाहेर.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. गाणं चालूच होतं. मग मैत्रिणीनं त्या पोरीला खांद्याला धरून अलगद बाहेर आणलं, ओळीसमोरून चालवत साहेबांच्या खुर्चीपुढे उभं केलं. पोरीच्या मनगटापासून कोपरापर्यंत मळकी चिंधी गुंडाळलेली होती आणि चिंधीखाली हात टम्म सुजला होता. गाणं तुकड्यातुकड्यानं थांबलं.

‘हिला काय झालं?’ साहेबांनी विचारलं.

‘ही होय?’ बाई म्हणाल्या. जराही अडखळल्या नाहीत, इतक्या वर्षांची सवय. ‘चिंचेवरून पडली हो. जरा चोरटी आहे.’

साहेबांनी अंगणाकडे पाहिलं. पापडांकडे पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. बाईंना उमगलं तेव्हा त्यांचा हात घंटेच्या दोरीवर होता, तो तिथंच राहिला.

मैत्रीण त्या पोरीपुढे उकिडवी बसली. पदर बाजूला केला आणि आपला वाकडा हात तिच्या हाताशेजारी धरला. मी तो हात असा उजेडात कधी पाहिलाच नव्हता.

‘मी बी पडली नव्हती,’ ती म्हणाली.

पोरीनं बाईंकडे पाहिलं, मग त्या हाताकडे. आणि हळूच म्हणाली, ‘मी बी नाई.’

साहेब खुर्चीवरून उठले. मैत्रिणीला म्हणाले, ‘ताई, तुम्ही इथे बसा. तुम्ही पडला नव्हता, हे मला दिसतंय. काय झालं ते सांगा.’ तिनं सांगितलं. सगळं, अडसरासकट, बाईंच्या तोंडासमोर.

त्या पोरीला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. तिचा हात सरळ बसला. बाईंना काढलं, पण कसं? प्रकृतीचं कारण, वर शाल आणि नारळ! खटला नाही, काही नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आजही होतो. जळो ती शाल. हा काय न्याय झाला?

दिवाळीनंतर मी तेल्हाऱ्याला गेले, भांडायच्याच तयारीनं. साहेब काही तिच्या सासूला सांगायला येणार नव्हते, म्हटलं आपणच सांगू. पण अंगणात पाय ठेवला तर मैत्रीण कापसाच्या ढिगाशी बसून सासूला सगळं सांगत होती, बाही वर करून. दुपारच्या उन्हात कापसाचे तंतू दोघींच्या भोवती तरंगत होते. मी दारातच थांबले.

म्हातारीनं सगळं ऐकलं. मग जरा रागानंच म्हणाली, ‘मंग इतके वर्सं काहून नाई बोलली?’

‘कोनी इचारलं, आत्याबाई?’

म्हातारीनं कमरेची किल्ली सोडली, नातीला हाक मारली आणि ती तिच्या हातात दिली. ‘जाय,’ ती म्हणाली, ‘डब्यातून गुळाचा खडा आन तुह्या मायसाठी. अन् किल्ली तुह्यापाशीच ठेव.’