गेणबाचा अभिनंदनाचा फोन

आमच्या शेळगावात गेणबाला अमेरिकेची फार काळजी. बापाने मेंढरं वळली, गेणबाने ऊस लावला, दोन वेळा पंच म्हणून निवडूनही आला. पण पेपरात अमेरिकेची बातमी आली की पाटाचं पाणी फुटून शेजाऱ्याच्या रानात गेलं तरी याला पत्ता नसायचा. ब्याण्णव सालच्या नोव्हेंबरात तिथला खुर्चीवरचा अध्यक्ष निवडणुकीत पडला आणि त्याने जिंकलेल्याला स्वतः फोन करून अभिनंदन केलं. ही बातमी गेणबाने सिद्धूच्या किराणा दुकानात तीनदा मोठ्याने वाचली.

"ह्याला म्हंत्यात माणसं," तो म्हणाला. "न्हायतर आपल्यात! पडला की गडी आठ दिस पाव्हण्याकडं."

खोटं नव्हतं ते. आणि जिंकलेला तरी कुठे शहाणा? गुलालाची मिरवणूक पडलेल्याच्या दारात मुद्दाम थांबवायची, हलगी कडाडवायची, त्याचा उंबरा लाल करून ठेवायचा, ही आमची रीत. तेवढी चीड पुढच्या निवडणुकीपर्यंत पुरायची.

त्याच हिवाळ्यात पंचायतीची निवडणूक लागली. गेणबासमोर उभा राहिला म्हस्कू, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. गेणबाने भर पारावर शब्द दिला, "जो पडंल त्यानं दुसऱ्याचं अभिनंदन करायचं. मी पडलो तर मी करीन." आपण पडू असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं. उलट अभिनंदन करताना टोपी काढायची की नाही, हे त्याने म्हस्कूलाच समजावून ठेवलं होतं.

इंदापुरात मोजणी झाली. गेणबा अकरा मतांनी पडला.

दुपारची एस.टी. गावात थांबली तेव्हा पारावर गुलाल उडत होता. गेणबा खिडकीतून बघत राहिला आणि उतरलाच नाही, तसाच पुढे वालचंदनगरला गेला. शब्द मोडला तर गावात पुन्हा तोंड उघडायची सोय नव्हती, आणि पाळायला म्हस्कूसमोर जायचं तर पाय उचलत नव्हते. शेवटी अमेरिकाच मदतीला आली. स्टँडसमोर एस.टी.डी.चं दुकान होतं.

गावात फोन एकच, सिद्धूच्या दुकानात. ज्याचा असेल त्याला सिद्धू बोलावून आणायचा. आता अमेरिकेच्या अध्यक्षाला हे ठाऊक नसणार, पण आमच्याकडे अवचित फोन आला म्हणजे कुणीतरी गेलं. त्यातून म्हस्कूची लेक सारजा वालचंदनगरला दिलेली, आणि तिचे दिवस भरलेले.

फोन एस.टी.डी.वाल्याने जोडून दिला आणि "वालचंदनगरहून बोलतोय, म्हस्कूला बोलवा" एवढंच सांगितलं. सिद्धू मिरवणुकीत शिरून ओरडला, "म्हस्कूआबा, वालचंदनगरचा फोन हाय!"

हलगी बंद पडली. गुलालाने माखलेला म्हस्कू अनवाणी पळत सुटला. मी दुकानातच होतो. त्याने रिसीव्हर उलटाच कानाला लावला, मी तो सरळ करून दिला.

"सारजा...?" एवढंच तो बोलला.

फोनवर ओरडून बोलायची गेणबाची सवय, सगळ्या दुकानाला ऐकू आलं. "मी गेणबा बोलतुय! अभिनंदन! कारभार चांगला कर!"

म्हस्कूने त्यावर ज्या शिव्या दिल्या त्या अमेरिकेत कुणी ऐकल्या नसतील. मग फोन आपटून तो साखरेच्या पोत्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. आम्ही हसलो, पण आमचेही डोळे भरले होते.

गेणबा संध्याकाळच्या गाडीने आला. शब्द पाळून शिव्याच मिळाल्या, म्हणजे दारात आज डबल गुलाल असणार, या हिशेबाने तो मान खाली घालून घराकडे वळला. उंबरा स्वच्छ होता. बायको प्रयागबाई दारात बसली होती.

"मिरवणूक आली न्हाय व्हय?"

"म्हस्कूभावजींनी कोपऱ्यावरनंच माघारी लावली. एकलंच आलं हितं. च्या पिऊन गेलं."

"काय म्हणला?"

"म्हणलं, कारभार चांगला कर म्हणतुय, तर उद्या कचेरीत येऊन दाव म्हणावं, कसा करायचा त्यो. मला सही सोडून कायबी येत न्हाय."

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी तासभर गेणबा तिथे पोचला. म्हस्कू त्याच्याही आधीपासून पायरीवर बसून होता.