किरकोळ जखमी

एका बाईचा मोडलेला हात मी पेपरात 'किरकोळ' करून टाकला, आणि वर आठवडाभर ती बातमी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत मिरवले. विशी नुकतीच ओलांडलेली. अक्षर मोत्यासारखं होतं, अक्कल अजून शिंपल्यात धरायची होती.

यवतला आमचं किराणा दुकान. पाटीवर 'घाऊक व किरकोळ'. शिवाय हे पुण्याच्या एका पेपरचे वार्ताहर. बातमी ह्यांनी सांगायची, मी लिहायची, आणि पाकीट पुण्याच्या एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचं. पेपरची भाषा ह्यांनी मला दुकानातल्या मापांसारखी शिकवली. पुढारी खाकरला तरी 'प्रतिपादन केले'. सभेला कुत्रं फिरकलं नाही तरी ती 'विराट'. अपघाताला मापं तीनच: ठार, गंभीर, किरकोळ. "उचलून न्यावा लागला तो गंभीर, आपल्या पायानं चालत आला तो किरकोळ." मला वाटलं, एवढंच? साखर तोलायला याहून जास्त डोकं लागतं!

कासुर्डीजवळ बाजाराला निघालेला टेम्पो उलटला, त्या दिवशी हे दौंडला गेलेले. म्हणजे बातमी माझ्या एकटीची. आनंद झाला होता मला, खोटं कशाला सांगू? तेवढ्यात त्याच टेम्पोतली एक तरुण बाई दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. कासुर्डीच्या धनगराची सून, आमच्याकडूनच तेल-मीठ न्यायची. उजवा हात पदरात गुंडाळलेला.

"वैनी, घोटभर पानी द्या."

पाणी दिलं. ती पीत होती आणि मी तिच्याकडून बाकीच्यांची नावं लिहून घेत होते. कोण दगावलं, कुणाला दवाखान्यात नेलं, सगळं तिनं न रडता सांगितलं. शेवटी तिचं नाव किरकोळात घातलं. चालत आली होती ना!

हाड वाकडंच जुळलं. भाकरी थापता येईना, कळशी उचलवेना. सासऱ्यानं ते कात्रण आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलेलं. हात दुखतो म्हणाली की दीर ते मोठ्यानं वाचायचा, आणि सासरा विचारायचा, "पुन्याच्या पेपरात किरकोळ छापलंय. मंग ही सोंगं कुनासाठी?"

ती परत आमच्या पायरीवर आली. "वैनी, येकदा खरं छापा. घरात माझं कुनी ऐकत न्हाई."

"अगं, छापलेलं पुसता येतं का?" म्हणाले मी. शहाणी! त्याच्या आदल्याच महिन्यात सोसायटीच्या चेअरमनच्या मागं माझ्या हातून 'माजी' पडलं होतं, तर ह्यांनी धावत जाऊन खुलासा छापून आणला होता.

पुढं मन खाऊ लागलं, तेव्हा ह्यांच्या नकळत मी तिच्या हाताचा खुलासा लिहिला. ड्रायव्हरच्या हाती दिला. छापला नाही. पुन्हा पाठवला. मग एकदा हे पुण्याहून आले ते हसतच, "ऑफिसात विचारत होते, किरकोळ जखमीचा कसला खुलासा पाठवताय?" मीही हसले. हसण्यावारी नेण्यात मी पहिल्यापासून हुशार.

तोवर तिला माहेरी, इनामगावला धाडलं होतं. 'कामचुकार' म्हणून. नवऱ्यानं दुसरी केली.

आता हे नाहीत, दुकान नाही. नातसुनेच्या मोबाईलवर हायवेच्या बातम्या येतात, त्यातही तेच: अमुक गंभीर, तमुक किरकोळ. किरकोळांचं पुढं काय झालं ते कुठल्याच बातमीत येत नाही. पूर्वीही येत नव्हतं. मी विचारते, नातसून म्हणते, "आजी, जेवा आता."

परवा शिरूरला एका लग्नात ती भेटली. पंगतीत शेजारीच, डाव्या हातानं जेवत होती. मी तिला सगळं सांगितलं. दोनदा खुलासा पाठवला होता, हे जरा जोर देऊनच सांगितलं. म्हाताऱ्या माणसालाही शाबासकी लागते मेली! तिनं घास गिळला, डाव्या हाताची बोटं पुसली आणि म्हणाली,

"जाऊ द्या वैनी, हात काय त्याच दिशी गेल्ता. पर मी गप बसून पानी मागितलं त्या येळी. बोंबलत, लोळत आले आस्ते, तर तुमी गंभीर लिवलं आस्तं का? तेवढं फकस्त सांगा."