दाढेवरची मोहाची

धाऊ मुरबाड ते कल्याण जीप चालवतो, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. पाशिंजरांत त्याची ओळख एकच, न पिणारा धाऊ. हे नाव काही फुकट मिळालेलं नाही. अकरा वर्षांपूर्वी तो पिणाराच होता, आणि पिणाऱ्यांतही पहिल्या पंगतीतला. एका हळदीहून परतताना त्यानं जीप शेतात उलटी घातली. शेजारी सात वर्षांची कुणाली, त्याची एकुलती लेक, झोपली होती. तिच्या उजव्या कोपराचं हाड वाकडं जुळलं, तो हात अजून सरळ होत नाही. त्या दिवसापासून धाऊनं दारू सोडली. बायको जनीनं तरीही बजावून ठेवलं, "पुन्यांदा घेतलीस ना, तर पोरीला घेऊन आटगावला भावाकडं जाईन. मागं वळून बगायची नाय."

जनी बोलते ते करते, हे धाऊला पक्कं ठाऊक आहे.

यंदा ऐन लग्नसराईत त्याची दाढ ठणकायला लागली. तीन दिवसांत गाल पुरीसारखा फुगला. घाटातल्या वळणाला न भिणारा हा गडी दाताच्या डॉक्टरला मात्र भितो. दोनदा दवाखान्याच्या पायरीवरून माघारी आला. मग उरलं गावचं औषध, सावळी म्हातारीकडची मोहाची दारू. घोटभर तोंडात धरायची, दाढ बधिर झाली की थुंकून टाकायची. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्या हेच करतात, त्यांना कुणी दारुडं म्हणत नाही. घरी सांगितलं असतं तर जनीनंही समजून घेतलं असतं कदाचित. पण जो एकेकाळी खोटं बोलून पीत होता, त्याला खरं सांगायचीही चोरी. सकाळी सातला जीप काढून धाऊ गुपचूप सावळीच्या दारी गेला, दोनदा तोंडात धरून थुंकला आणि पुढच्या फाट्यावर पाशिंजर भरले. त्यांत कुणालीही होती. ती कल्याणला नर्सिंग शिकते.

दीड किलोमीटरवर नाकाबंदी लागली. हळदीच्या रात्रीची उतरायच्या आत लोक सकाळी गाड्या काढतात, म्हणून पोलीस भल्या सकाळीच यंत्र घेऊन उभे होते. धाऊला आधी काही वाटलंच नाही. न पिणाऱ्याला कसली भीती? खाकीतल्या मॅडमनी नळी पुढं केली आणि तेव्हा त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"फुंका. जोरात. मधे थांबू नका."

यंत्र टीं करून ओरडलं. आकडा आला एकशे दहा. तीसच्या वर गुन्हा.

धाऊनं सुजलेला गाल पुढं केला. "मॅडम, दाढेला लावली व्हती वो. थुकली मी. देवाशप्पत, पोटात नाय गेली."

बाजूचा हवालदार हसला. "सकाळपासून तीन दाढा आणि एक खोकला झालाय आमच्याकडं!"

चावी गेली. पाशिंजर मागच्या जीपमध्ये चढले. "न पिणारा म्हनं," कुणीतरी म्हणालं. कुणाली चढली नाही. रस्त्याकडेच्या आंब्याखाली कोपर दाबून उभी राहिली.

मॅडमनी धाऊचा गाल निरखला. "तोंडातली असेल तर वीस मिनिटांत उतरते. पोटातली उतरत नाही. खळखळून चूळ भरा आणि इथंच बसा."

धाऊ बसला. कोर्ट, लायसन, दंड, ते सगळं नंतरचं. त्याला भीती होती ती वेगळ्याच गोष्टीची. दुसरा घोट तोंडात असताना सावळी काहीतरी बोलली, तो हसला, आणि तेव्हा घशाखाली थोडी उतरली की काय? आठवून आठवून त्याला आठवेना. आता तर जीभ मागं सरताना जाणवली, घसा गरम झालेलाही जाणवला. तिकडं कुणाली फोन कानाला लावत होती, तोडत होती, परत लावत होती. जनी आता कपड्यांचं बोचकं बांधत असणार, असं त्याला साफ दिसायला लागलं.

वीस मिनिटांनी मॅडमनी नवी नळी लावली. धाऊनं डोळे मिटून फुंकलं.

शून्य.

"जा. आणि दवाखान्यात जा," मॅडम म्हणाल्या आणि चावी हातावर ठेवली. धाऊ धावतच आंब्याखाली गेला. "शून्य गो, कुणा! शून्य आलं!"

कुणाली त्याला ओलांडून यंत्रापाशी गेली. आकडा पाहिला, मग बापाकडं पाहिलं.

"परत फुंक, बाबा."

"अगो, चावी दिली ना त्यांनी..."

"मला बगायचंय. परत फुंक."

मॅडमनी आणखी एक नळी लावली. पोलिसांपुढं धाऊ भ्याला होताच, पण आता त्याचे ओठ नळीवर ठरेनात. कसंबसं फुंकलं. शून्यच आलं.

तेव्हा कुठं कुणालीला रडू फुटलं. "शाळेत व्हते तवापासून, रोज गाडीत बसले का पयला तुज्या तोंडाचा वास घेते मी. आज तू तोंड फिरवलंस."

धाऊला इतकी वर्षं वाटत होतं, पोरगी रोज जवळ वाकून "बाबा, काय खाल्लंस?" विचारते ती मायेनं.