दिव्याचं ऊन

बारामतीच्या एमआयडीसीत रंगाचा एक छोटा कारखाना होता. नव्वदच्या दशकात मी तिथल्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. रंग किती टिकतो ते तपासायची आमची पेटी पाहायला कळंबहून माझे चुलते आले आणि पोट धरून हसले. "ऊन कमी पडलं व्हय आपल्याकडं, म्हणून दिव्याचं ऊन आणलं?" उभा जन्म मेंढरांमागं उन्हात काढलेला माणूस, हसणारच.

पेटीत रंगवलेले पत्रे लावायचे. त्यांच्यावर प्रखर दिवे, मधूनमधून वाफ. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा रंग काही उन्हाळ्यांनी किती विटेल, ते पेटी काही आठवड्यांत दाखवायची. ती सांभाळायच्या आमच्या केमिस्ट बाई. वीज गेली की त्या घड्याळ बघायच्या, आली की पुन्हा बघायच्या. दिवे बंद असतानाचा एक तासही त्यांनी कधी धरला नाही. आणि तेव्हा आमच्याकडं वीज जायची म्हणजे जायचीच!

एकदा इंदापूरच्या ट्रॉलीवाल्याला उसाच्या हंगामाआधी लाल रंग हवा होता, टिकण्याची खात्री देऊन. मालकांनी कॅलेंडर बघितलं.

"महिना झाला की, बाई. पत्रा झ्याक हाय. सही करा."

"निम्मा वेळ दिवे बंद होते. तेवढं ऊन अजून लागलेलं नाही."

"ऑर्डर जाईल. आन् तुमची नोकरीबी."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्यांचं घर त्यांच्याच पगारावर चालायचं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला मालकांचा असा राग आला की हातातला डबा आपटून मी बाहेर गेलो. बाई मात्र पेटीपाशी परतल्या.

ट्रॉलीवाल्यानं दुसरीकडून रंग घेतला. इकडं उरलेले तास भरले, तेव्हा बाईंनी तो पत्रा मालकांच्या टेबलावर ठेवला आणि निम्म्या भागावर पहिल्या दिवसापासून चिकटवलेला चंदेरी कागद सोलला. झाकलेला भाग लालभडक, उघडा फिक्कट गुलाबी. हातच्या कांकणाला आरसा कशाला! मालक पत्रा उलटसुलट करून बघत राहिले. आता बाईंना काढणार, असंच आम्ही धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आला. कारखान्यात जनरेटर एकच, लहानसा. त्यावर फक्त मालकांच्या केबिनमधला दिवा आणि पंखा चालायचा. दुपारी वीज गेली. घामाघूम झालेले मालक केबिनमधून बाहेर आले आणि पायरीवर बसून वर्तमानपत्रानं वारा घेऊ लागले.

"बाई," ते म्हणाले, "आता सगळे तास धरा."

आत पेटीतले दिवे चालूच होते.