काकांनी सोडलेला पहिला ट्राउट

पत्रक कुणाचंही असो, हातात आलं की मी आधी त्यातली फट शोधते. पुण्यात कॉलेजात असताना चार वर्षं पत्रकं लिहिली, चौकाचौकात वाटली, त्यापायी दोनदा पोलीस चौकीत बसून आले. त्यामुळे जर्मनीत, येना शहरात पीएचडी करताना वरच्या मजल्यावरच्या मराठी इंजिनिअरने मासेमारीचे नियम पुढे ठेवून "बाबांना जरा समजावून सांगशील?" म्हटलं, तेव्हा मी ते पान शत्रूचा जाहीरनामा वाचावा तसं वाचलं.

त्याचे बाबा, म्हणजे काका, तीन महिन्यांसाठी आले होते. सगळा जन्म कृष्णेच्या काठी गेलेला. इथे मुलगा-सून दिवसभर ऑफिसात, नातू विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला जर्मनमध्ये उत्तर देणारा. गावाबाहेरच्या ओढ्यावर गळ टाकून बसणं, एवढंच काय ते आपलं. परीक्षेशिवाय मिळणारा तीन महिन्यांचा परवाना काढला, ओढा ज्यांच्याकडे होता त्या फेराइनचं, म्हणजे मासेमारी मंडळाचं, कार्डही मिळालं. ते कार्ड गेलं की उरलेला दीड महिना खिडकीपाशी. मोबाईलवर भाषांतर करून मिळायचे दिवस नव्हते ते. काकांची जर्मन म्हणजे मी.

"गांडूळ, अळ्या, मासे आमिष म्हणून चालणार नाहीत," मी वाचून दाखवलं. "दिवसाला तीन ट्राउट. पकडलेला मासा लगेच या वहीत लिहायचा."

"आणि कणीक?"

"कणकेचं नावच नाही कुठे. म्हणजे चालते. बिनधास्त."

"बघ हं, पुढारीणबाई. तुला चौकीची सवय आहे. मला नाही."

शनिवारी सकाळी आम्ही ओढ्यावर. डब्यात हिंग घातलेली कणीक. अर्ध्या तासात पहिला ट्राउट लागला, चांगला मोठा. काकांनी हात ओले केले, गळ अलगद काढला आणि मासा पाण्यात सोडून दिला.

"अहो काका!"

"पहिला नदीला द्यायचा. माझे वडील द्यायचे, मी देतो."

दुसरा पिशवीत गेला. वहीत मी तेवढाच लिहिला. सोडलेला कशाला लिहायचा? हाही अर्थ माझाच.

तेवढ्यात हिरव्या जाकिटातले एक साठीचे गृहस्थ आले. फेराइनचे देखरेख करणारे. कार्ड पाहिलं, वही पाहिली, डबा उघडून हुंगला आणि मान मागे घेतली. "हे काय?"

"पीठ, पाणी, हिंग. कुठल्या कलमात बंदी आहे ते दाखवा."

त्यांनी चष्मा लावून पान पुढून-मागून वाचलं. "श्टिम्ट," म्हणाले. बरोबर आहे तुमचं. मला काय चढलं म्हणून सांगू! त्याच जोरात मी पुढे म्हणाले, "आणि मर्यादेचं म्हणाल, तर यांनी पहिला एवढा मोठा मासा परत सोडलाय!"

त्यांचा चेहरा कठोर झाला. मापात बसणारा मासा मुद्दाम सोडता येत नाही, ते म्हणाले. खायचा असेल तरच पकडायचा. पकडून सोडणं म्हणजे प्राण्याला उगाच छळणं. कार्ड जमा करावं लागेल, म्हणत त्यांनी खिशातून पेन काढलं.

मी भडकले. सुपरमार्केटात डुकराच्या मांसाचे ढीग लावणारा देश आम्हाला दया शिकवणार? हे सगळं मी तिथे उभ्याउभ्या, व्याकरणाचे मुडदे पाडत, जर्मनमध्ये बोलले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग काकांकडे बघत आवाज खाली आणला. "ओल्या हातातून मासा निसटतो कधीकधी. निसटला तर माझी तक्रार नाही. निसटलाच ना?"

"गेनाऊ," मी म्हणाले. अगदी तसंच. काकांना विचारलंसुद्धा नाही. गृहस्थांनी पेन खिशात ठेवलं.

"काय झालं गं? पेन का ठेवलं त्यांनी?"

मी सांगितलं.

"माझ्या हातातून निसटला?" काका ताठ झाले. "चाळीस वर्षं सोडतोय, एक निसटलेला नाही. सांग त्यांना."

"काका, कार्ड जाईल."

"जाऊ दे! मी काय चोरून सोडला? सांग."

मी सांगितलं. शब्दाला शब्द, पहिल्यांदाच पदरचं काही न घालता. काकांनी वही घेतली, मी लिहिलेल्या ओळीच्या वर, कडेच्या जागेत मराठीत लिहिलं: 'पहिला. सोडला.' वही आणि कार्ड दोन्ही हातांनी त्या गृहस्थांपुढे धरलं. त्यांनी ते सावकाश घेतलं. नजर काही वर केली नाही.

त्या आठवड्यात मी फेराइनला दोन पानी पत्र लिहिलं. नदीचं नदीला देणाऱ्या माणसाला छळणारा म्हणणारा नियम ओढ्यात बुडवा, असं स्पष्ट लिहिलं. काकांना मराठीत वाचून दाखवलं. ते खिडकीपाशी बसले होते.

"झकास," म्हणाले. "तू खोटं बोललीस, ते कुठेय यात?"

ते नव्हतं. मी पाकीट फाडलं, नवा कागद घेतला आणि तेच सगळ्यात वर लिहिलं. खालचा एक शब्दही बदलला नाही.