स्क्रीनवर बंद

नागपूरला माझी बदली झाली तेव्हा आमचं कार्यालय म्हणजे सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या सरकारी इमारतीचा रिकामा मजला होता. कंपन्यांची नोंदणी करायची, त्यांची वार्षिक कागदपत्रं येतात की नाही ते बघायचं, चुकणाऱ्यांना नोटिसा काढायच्या, हे आमच्या खात्याचं काम. माझं काम त्याच्याही आधीचं. त्या कामासाठी माणसं, टेबलं, वायरिंग आणि संगणक उभे करायचे.

मंजूर पदं कागदावर होती, पण त्या पदांवर माणसं नव्हती. भरतीचा प्रस्ताव पाठवला की मुख्यालयातून उत्तर यायचं, तूर्तास एजन्सीकडून कंत्राटी घ्या. एजन्सी कोणालाही पाठवेल या भीतीने मुलाखती मीच घेतल्या. त्यात एक उमरेडची तरुणी होती. घराणं विणकरांचं, पण माग आजोबांबरोबरच थांबलेला. सासर खापरखेड्याला, नवरा वीज केंद्रात कंत्राटी. मी विचारलं, "टायपिंग येतं?"

"येते मॅडम. पण लोकायसोबत बोलाचं काम असन, तर ते जास्त येते."

मी तिला मदत खिडकीवर बसवलं. आठवड्याभरातच लोक आत येताना आधी तिच्याकडे बघायला लागले. मला वाटलं, कार्यालय उभं राहतंय.

मग नवी प्रणाली आली. जुनी एका शुक्रवारी बंद झाली आणि सोमवारी सगळ्या कंपन्यांची माहिती नव्या प्रणालीत दिसणार होती. तशी ती दिसली, पण काही चालू कंपन्यांच्या नावासमोर लाल अक्षरांत 'बंद' उमटलं होतं. माहिती इकडून तिकडे नेताना कुठेतरी गडबड झाली होती. पूर्वी अशी चूक आम्ही इथल्या इथे, कागद बघून दुरुस्त करायचो. नव्या प्रणालीत स्थानिक कार्यालयाला ती सोय ठेवलीच नव्हती. आखणीच्या बैठकांत मी ती मागितली होती. 'पुढच्या टप्प्यात बघू,' असं उत्तर मिळालं होतं.

नरखेड तालुक्यातल्या संत्रा उत्पादकांची एक कंपनी होती. शेतकऱ्यांनीच भागधारक होऊन काढलेली, आणि अध्यक्ष एक पन्नाशीच्या बाई. त्या सकाळच्या एसटीने आल्या. सोबत आलेले दोन सभासद खिडकीपासून जरा लांब उभे राहिले.

"मॅडम, बँकेनं खातं गोठवलं," बाई म्हणाल्या. "म्हणते, तुमची कंपनी बंद झाली. आमची कंपनी काहून बंद होईन? परवाच मिटिंग घेतली आम्ही."

उमरेडचीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली नाही. नुसतं म्हणाली, "मावशी, बसा. हे आमच्याकडची चूक आहे, तुमची नाही."

"मंग दुरुस्त कर ना वं पोरी."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तक्रार नोंदवली. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीचं मदत केंद्र दूरच्या शहरात होतं. तिथून एक क्रमांक आला आणि खाली ओळ होती की आपली तक्रार आम्हाला महत्त्वाची वाटते.

आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या संत्र्यांची तोड सुरू व्हायची होती. या वर्षी पहिल्यांदाच ही कंपनी स्वतः माल भरून बाहेर पाठवणार होती. क्रेट, मजूर, गाड्या, सगळं त्या गोठवलेल्या खात्यातून व्हायचं होतं. बाई रोज फोन करायच्या. पहिल्यांदा रागाने, मग विनवणीने, नंतर नुसतं विचारायच्या, "काही झालं काय, मॅडम?" फोन वाजला की मी आधी नंबर बघायची आणि तो त्यांचा असला की दोन रिंग जाऊ द्यायची, काय बोलायचं ते जुळवायला. जुळवण्यासारखं काही नसायचं.

मुख्यालयातल्या साहेबांना मी फोन लावला.

"सर, कंपनी जिवंत आहे. कागद माझ्या टेबलावर आहेत. फक्त एक शब्द बदलायचाय."

"अहो, तोच शब्द बदलायचा अधिकार कुणाच्या हातात राहू नये म्हणून तर ही प्रणाली आणली."

"पण शब्द चुकीचा आहे सर."

"तक्रार टाकलीय ना? मग वाट बघा."

मी पुन्हा तक्रार टाकली. आधीची 'निकाली' म्हणून बंद झाली, कारण त्याच विषयावर नवी आली होती. ते वाचून मी खुर्चीतून उठले, व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मीच निवडलेली माणसं मागे बसली होती. त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं.

शेवटी मी सुट्टी टाकली आणि काटोलला त्या संत्रा कंपनीच्या बँकेच्या शाखेत गेले. बाई बाहेर उभ्या होत्या, नवी साडी नेसून. मॅडम स्वतः येताहेत म्हटल्यावर काम होणारच, असं त्यांनी गावात सांगितलं होतं. हे त्यांनी मला सांगितलं आणि मला तिथूनच मागे फिरावंसं वाटलं.

शाखाधिकारी माझ्या निम्म्या वयाचा, नम्र होता. चहा मागवला. मी ओळखपत्र ठेवलं, कागद ठेवले, सगळं सांगितलं. त्याने सगळं वाचलं, पुन्हा वाचलं.

"मॅडम, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे," तो म्हणाला. "पण मी खातं उघडायला गेलो की आमची सिस्टम तुमच्या सिस्टमला विचारते. तुमची सांगते, बंद. तुम्ही समोर बसून चालू म्हणता, ते मी कुठे टाकू?"

बाई आळीपाळीने आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होत्या. "म्हणजे हे खरं बोलून राहिल्या, हे तुमाले पटते?"

"पटतं, काकू."

"आनं तरी नाही होत?"

त्याने कागद नीट जुळवून माझ्याकडे परत सरकवले. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "तुमी आल्या, लय झालं." मला त्या शब्दांचं ओझं झालं. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आठवड्याने त्यांचा फोन आला. "देऊन टाकलं मॅडम. झाडावरच. व्यापारी म्हणन त्या भावात. फळ गळाले लागलं होतं, कोणाले थांबवणार?" मागे ट्रकचा आवाज येत होता. मी नुसती हूं हूं करत राहिले.

त्याच महिन्यात मुख्यालयाचा आदेश आला. नव्या प्रणालीमुळे सगळं घरबसल्या होत असल्याने मदत खिडक्यांची गरज उरली नाही, कंत्राटी कर्मचारी कमी करावेत. आदेश वाचताना दारापर्यंत रांग लागलेली मला दिसत होती. मी लेखी विरोध केला. उत्तर म्हणून तोच आदेश पुन्हा आला.

उमरेडचीला मी आत बोलावलं. मला सुरुवात करता येईना.

"माहीत आहे मॅडम, एजन्सीवाल्यानं सांगतलं," ती म्हणाली. "एक विचारू? आपण एवढी मेहनत केली, माणसं शिकवली, तं ते कशासाठी केली?"

"तुझ्या जागेसाठी मी भांडले गं."

"ते मले माहीत आहे. मी ते नाही विचारून राहिली."

तिने खिडकीवर जाऊन आपली पाण्याची बाटली पर्समध्ये टाकली आणि रांगेतल्या पुढच्या माणसाचं काम संपवूनच गेली.

थंडी सरत असताना एका दुपारी मी सहज ती कंपनी उघडून पाहिली. 'चालू'. कोणी दुरुस्त केलं, कधी, काहीच लिहिलेलं नव्हतं. मी लगेच फोन लावला.

"चालू दाखवते काय?" बाई म्हणाल्या. "सभासद हिस्से परत मागून राहिले मॅडम. पुढच्या साली कोणी माल देत नाही म्हणते. कंपनी बंद कराले काय लागते?"

"घाई करू नका. विचार करा."

"विचार करूनच इचारून राहिली."

पुढच्या आठवड्यात त्या एकट्याच आल्या. मदत खिडकीवर आता कोणी नव्हतं, म्हणून मीच तिथे बसले आणि त्यांचा अर्ज भरायला घेतला. 'बंद करण्याचे कारण' या रकान्यात निवडायला चार पर्याय होते. मी ते एकेक करून वाचून दाखवले. बाई मन लावून ऐकत होत्या. चौथा वाचून झाल्यावर त्यांनी मान हलवली.

"यातलं कोणतंच नाही," त्या म्हणाल्या. "पण एखादं तं घ्याच लागन ना?"

"हो," मी म्हटलं.

"मंग तुमीच घ्या मॅडम. माझी दोनची बस आहे."