स्क्रू नसलेलं मशीन

नवी वस्तू घरात आली की माणसं काय करतात? प्लग लावतात आणि वापरायला लागतात. खोलकरांच्या घरात असला उतावळेपणा चालत नसे. तिथे वस्तू आधी टेबलावर पालथी घातली जायची, खालचे स्क्रू निघायचे, झाकण बाजूला व्हायचं आणि मग खोलकर चष्मा कपाळावर सरकवून आत डोकावायचे. आत मोटर असो की नुसता तारांचा गुंता, त्यांच्या तोंडून पहिला शब्द एकच यायचा, "अहाहा!" मग बायकोला आणि लेकीला हातातली कामं टाकून यायला लागायचं आणि ते "अहाहा" त्यांनाही बघायला लागायचं. त्यानंतर झाकण परत बसायचं, एखादा स्क्रू हमखास उरायचा आणि वस्तू वापरायला मोकळी व्हायची. उरलेल्या स्क्रूंची एक बरणीच होती. बायको म्हणायची, "ही भरली ना, की ह्यातून एक नवीन मिक्सर करून घेणार आहे मी ह्यांच्याकडून."

खोलकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनं दुरुस्त करायचं त्यांचं काम, आणि हा माणूस दिसेल ते खोलून बसतो म्हणून तिथल्या शिवणाऱ्या बायकांनी ठेवलेलं हे नाव. ते इतकं चिकटलं की कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर खोलकर स्वतःच मागे वळून बघायचे, कोणाला बोलावतायत म्हणून.

वाचनाचं तर विचारूच नका. विज्ञानाची मासिकं, वर्तमानपत्रातली तंत्रज्ञानाची पानं, औषधाच्या खोक्यातली ती बारीक अक्षरांची घडी, पंख्याबरोबर येणारी माहितीपुस्तिका, काही म्हणजे काही सुटायचं नाही. आणि वाचलं की मत झालंच. जगातला सगळ्यात मोठा शोध कोणता, असं कोणी विचारलं की ते सांगायचे, आणि कोणी नाही विचारलं तरी सांगायचेच. "सुई! शिलाई मशीनची सुई. अहो, हातसुईला भोक कुठे असतं? मागे. पिढ्यान् पिढ्या माणसाने ते मागेच ठेवलं. आणि मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की ते टोकाशी आणून बघू. संपलं! बघता बघता अख्ख्या जगाचे कपडे मशीनवर शिवले जायला लागले. एवढंसं भोक हो, इकडचं तिकडे!" हे सांगताना त्यांच्या अंगावर खरोखर काटा यायचा. खोटं वाटेल म्हणून बाही वर करून ते तो दाखवायचेसुद्धा.

त्याच्या खालोखाल झिप. त्याच्या खालोखाल दाराची बिजागरी. मोबाइलला फार खालचा नंबर होता, कारण तो नीट खोलता येत नाही. "संशोधनात असं आढळून आलं आहे" हे वाक्य वाचलं की त्यांचं डोकं फिरायचं. "कोणाला आढळलं? किती माणसांत आढळलं? की तुमच्या आत्याला आढळलं?" असा पेपरशीच त्यांचा वाद चालायचा आणि चहा गार व्हायचा. हाक मारली की लागणारा दिवा लेकीने आणला तेव्हा त्यांनी आठवडाभर तोंडसुख घेतलं. दिव्याला कान कशाला हवेत, माणसाचे हात काय झडले काय, वगैरे वगैरे. मग एकदाचा तो खोलला. आतली नखाएवढी चकती बघून जे गप्प बसले ते बराच वेळ. "अगं, हिच्यात ऐकायची सोय आहे," एवढंच हळू आवाजात म्हणाले. तर असा माणूस. बोलायला लागला की आवरत नाही, आणि आश्चर्य वाटायचं काही त्याचं संपत नाही.

त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे सगळे तिला बाई म्हणायचे. एके दिवशी वर्गात, हातात खडू, फळ्यावर अर्धं समीकरण, आणि बाई उभ्याच्या उभ्या खाली कोसळल्या. डोळे उघडले तेव्हा भोवती पोरांची तोंडं. "काही नाही रे, चक्कर आली," म्हणत त्या उठल्या, समीकरण पुरं केलं आणि मगच घरी गेल्या. पण लेक ऐकणारी नव्हती. तिने आईला दवाखान्यात नेलंच, आणि तिथून खोलकरांना बोलावून घेऊन तिघं निघाली ती मोठ्या हॉस्पिटलात.

तिथल्या डॉक्टरबाई केस पिकलेल्या, बोलणं मोजकं. त्यांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून दाखवलं. "ठोका द्यायचा निरोप इथून वरून निघतो. विजेचाच असतो तो, अगदी बारीक. तुमच्याकडे तो कधीकधी खाली पोचतच नाही. म्हणून चक्कर येते. पेसमेकर बसवायला हवा. आजच दाखल व्हा."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "ह्यांना आधी बघू दे ते मशीन. आमच्याकडे ह्यांनी बघितल्याशिवाय काही वापरत नाहीत."

लेकीला वाटलं आई थट्टा करतेय. आई थट्टा करत नव्हती. आणि खोलकर? त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. हृदयात वीज असते हे त्यांनी वाचलं होतं हो, पण बायकोच्या छातीत गेली इतकी वर्षं, भाजी निवडताना, पेपर तपासताना, भांडताना, झोपेत, न चुकता ठोक्यामागून ठोका विजेचा निरोप जातोय, कोणी बटण दाबत नाही, कोणी तेल घालत नाही, हे आत्ता पहिल्यांदा त्यांच्या नीट डोक्यात शिरलं. ते इतके थक्क झाले की बोलत सुटले. वीज किती, वायर कशाची, आजूबाजूला सगळं ओलं असून गळती कशी होत नाही! डॉक्टरबाईंनी खणातून नमुन्याचा पेसमेकर काढून त्यांच्या हातात ठेवला. चपटी, गुळगुळीत, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी. खोलकरांनी ती उलटी केली, सुलटी केली, कडेने नख फिरवलं. स्क्रू नाही. एकही नाही!

"वेल्डिंग! काय सुरेख जोड आहे हो, हाताला लागत नाही. हे कसलं वेल्डिंग म्हणायचं? आमच्या कारखान्यात असा जोड..." त्यांची गाडी सुटली ती सुटलीच. डॉक्टरबाई मध्ये काहीतरी सांगत होत्या. खोलकर मान हलवत होते आणि बोलत होते.

"हे घरी नेऊ का? खोलून बघतो," ते शेवटी म्हणाले.

"न्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण दोन दिवसांच्या वर मी थांबणार नाही. आणि ह्यांना एकटं सोडायचं नाही. मला हे अजिबात पसंत नाही, सांगून ठेवते."

दुसऱ्या दिवशी खोलकर ती डबी घेऊन कारखान्यात गेले. करवत चालवायला हात होईना त्यांचा. दर थोड्या वेळाने खिशातून काढायची, बघायची, परत ठेवायची. एवढ्याशा डबीत बॅटरी, त्यात ते सर्किट, आणि म्हणे वर्षानुवर्षं चालतं! शेवटी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ती शिकंज्यात धरली, अगदी हळू आवळली आणि बारीक दात्यांची करवत घेऊन कडेकडेने कापायला बसले. शिवणाऱ्या बायका डबे घेऊन भोवती जमल्या. "आज काय खोलताय, खोलकर?" कोणीतरी विचारलं. त्यांनी मान वर केली नाही. कपाळावरून घाम गळत होता. दोन भाग वेगळे झाले.

आत काही नव्हतं.

बॅटरी नाही, सर्किट नाही, एक तार नाही. नुसती पोकळ डबी. खोलकरांनी दोन्ही भाग उजेडाकडे धरले, बोट घालून बघितलं. आणि तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. लेक होती. "बाबा, आई परत पडली. ह्या वेळी शुद्धीवर यायला खूप वेळ लागला. आम्ही हॉस्पिटलात निघालोय. बाबा, ऐकताय ना?"

खोलकर तसेच धावत सुटले. हात धुतले नाहीत, की साहेबाला सांगितलं नाही. रिक्षात बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की डबीचे दोन्ही तुकडे अजून मुठीत आहेत. तिची आणि माझी एवढ्या वर्षांची सोबत, आणि मी तिला एका रिकाम्या डबीपायी ताटकळत ठेवलं, हा एकच विचार डोक्यात गरगरत होता. सगळ्या जगाला अक्कल शिकवणारा माणूस तो, स्वतःला शिव्या घालत होता.

डॉक्टरबाई वॉर्डाच्या दारातच भेटल्या. त्यांनी मुठीकडे बघितलं.

"आत काहीच नव्हतं," खोलकर म्हणाले.

"नमुना होता तो. नुसता दाखवायचा. सांगितलं होतं मी तुम्हाला. तुम्ही बोलत होता."

आत जाऊन खोलकर बाईंच्या पलंगापाशी उभे राहिले. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

"बसवून घे," खोलकर म्हणाले. "मला काही कळत नाही त्यातलं. न बघताच बसवून घे. माझं मत विचारू नकोस."

बाईंनी मान हलवली. संध्याकाळपर्यंत पेसमेकर बसलासुद्धा. खोलकर बाहेरच्या बाकावर बसून होते. समोर भिंतीवर हृदयाची काळजी कशी घ्यावी ह्याचा फलक लावलेला होता. एरवी त्यांनी त्यातल्या चार चुका काढल्या असत्या. आज त्यांनी तो वाचलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेसमेकर तपासायला एक गृहस्थ आले. लॅपटॉपसारखं यंत्र, त्याला वायरने जोडलेली एक चकती. ती त्यांनी बाईंच्या खांद्याखाली पट्टीवर अलगद ठेवली आणि पडद्यावर रेघ धावायला लागली. खोलकर मागे भिंतीला टेकून उभे होते. त्या गृहस्थांनीच हाक मारली, "या ना, बघा. घाबरू नका."

ते जवळ गेले. रेघ उसळत होती, खाली येत होती, परत उसळत होती.

"हा ठोका त्यांचा स्वतःचा," गृहस्थ बोट ठेवत म्हणाले. "हाही त्यांचा. हाही."

"मग मशीन काय करतंय?"

"काही नाही. ऐकतंय."

"ऐकतंय?"

"दर ठोक्याला बघतं, आला का? आला तर गप्प बसतं. वेळेवर नाही आला, तरच एक बारीकशी टिचकी देतं. त्यांना कळतसुद्धा नाही."

खोलकर पडद्याकडे बघत राहिले. हा तिचा. हा तिचा. हा तिचा. आणि मग रेघ उसळलीच नाही. सपाट पुढे गेली. खोलकरांनी पलंगाची कड घट्ट धरली. त्याच क्षणी एक बारीक उभी खूण उमटली आणि तिच्या पाठोपाठ रेघ उसळली, पहिल्यासारखीच. बाई छताकडे बघत पडल्या होत्या. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं.

"ही टिचकी," गृहस्थ म्हणाले.

आयुष्यभर शेकडो झाकणं उघडलेला तो माणूस तिथे उभ्या उभ्या रडायला लागला. गृहस्थ समजूतदार होते, चकती उचलून, काहीतरी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले. पलंगाच्या उशाशी हॉस्पिटलचा मॉनिटर लावलेला होता, त्याच्यावर ठोके दिसतच होते.

"अहो, काय झालं?" बाई म्हणाल्या. "बिघडलंय का ते?"

"नाही गं. चांगलं आहे. मी तुला उगाच थांबवलं. काही झालं असतं म्हणजे? एका पोकळ डबीसाठी थांबवलं मी तुला."

बाई म्हणाल्या, "तुम्ही नाही थांबवलंत. मीच थांबले होते. छातीत असलं काहीतरी परकं घालायचं म्हटल्यावर माझे हातपाय गळाले होते. लेकीसमोर कसं सांगू? तुम्ही खोलून बघताय म्हटलं की दोन दिवस मिळत होते. तुमचं आपलं निमित्त."

"आणि मला वाटलं, तू माझ्या शब्दाखातर..."

"वाटू दे की. वाटून घ्यायला काय जातंय?" बाई हसल्या. मग टाके ओढले गेले म्हणून कळवळल्या आणि परत हसल्या. त्यांना मान वळवता येत नव्हती. "मला इथून दिसत नाहीये. सांगा ना, काय दिसतंय तिथे?"

खोलकरांनी मॉनिटरकडे बघितलं. त्यांना खूप काही सांगता आलं असतं. वाचलेलं सगळं तोंडपाठ होतं. त्यांनी एक ठोका जाऊ दिला, दुसरा जाऊ दिला.

"तू दिसतेयस," ते म्हणाले. "आणि तुझ्याजवळ कोणीतरी जागं बसलंय."

"मग बसू दे त्याला," बाई म्हणाल्या. "तुम्ही जाऊन काहीतरी खाऊन या. कालपासून उपाशी आहात."